जुन्या मोटारसायकलची मूठ: निगा व वंगण

वसई-विरारच्या किनाऱ्यालगतची खारी हवा लोखंडाला सोडत नाही. १९८५ साली आलेल्या हिरो होंडा सीडी १०० सारख्या जुन्या गाडीत, गॅरेजात जिला ॲक्सिलेटर म्हणतात ती मूठ केबलने कार्बोरेटरला जोडलेली असते. सोडताच ती आपोआप मागे फिरली पाहिजे. ती अडकल्यास गाडी पुढेच ओढत राहते. अशा वेळी क्लच दाबून किल्ली बंद करावी, हे आम्ही विद्यार्थ्यांना प्रथम शिकवतो.

मुठीलगतचे आवरण उघडून केबल दोन्ही टोकांनी सोडवावी. हँडलचा दांडा रॉकेलच्या फडक्याने पुसून ग्रीसचा पातळ हात द्यावा. केबलच्या वरच्या टोकास प्लास्टिकच्या पिशवीचे नरसाळे बांधून पातळ तेल ओतावे व ती रात्रभर टांगून ठेवावी. केबलमध्ये घट्ट ग्रीस भरण्याचा मोह आम्हांलाही एकदा झाला होता. मूठ अधिकच जड झाली. तारेचा एक जरी धागा तुटलेला दिसला, तर वंगण व्यर्थ, केबलच बदलावी.

जोडणीनंतर मुठीस २ ते ६ मिलिमीटर मोकळीक ठेवावी. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवावे. इंजिनाचा आवाज चढला, तर केबल कोठेतरी ताणली जात आहे. तिची वाट दुरुस्त केल्यावाचून रस्त्यावर जाऊ नये.