चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला



या वेळच्या पाठासाठी आम्ही ही म्हण निवडली आहे. पूर्वी रुपयाचे १६ आणे असत. १९५७ साली भारतात दशमान नाणी आली आणि आणे मागे पडले. म्हणीत मात्र ते टिकून आहेत. चार आणे म्हणजे पाव रुपया, बारा आणे म्हणजे पाऊण रुपया. मूळ वस्तूपेक्षा तिच्यावरचा खर्च जास्त झाला, की ही म्हण वापरतात. अमेरिकेतल्या आपल्या घरांत ती हमखास ऐकू येते, जुन्या गाडीचे ट्रान्समिशन गेले की!

ट्रान्समिशन म्हणजे इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारा आणि वेगाप्रमाणे गिअर बदलणारा भाग. ऑटोमॅटिक गाडीत हे काम बहुधा तेलाच्या दाबावर चालते. ते बिघडले की इंजिन नुसते ओरडते पण गाडी वेग घेत नाही, गिअर बदलताना धक्के बसतात, तेलाला करपट वास येतो.

आधी निदान

प्रत्येक वेळी सगळे ट्रान्समिशनच गेलेले असते असे नाही. कधी तेल कमी झालेले असते, कधी एखादा सेन्सर बिघडलेला असतो. १९९६ पासूनच्या मॉडेलच्या गाड्यांत बिघाडाचा कोड वाचण्याची सोय असते. पण कोड फक्त दिशा दाखवतो. म्हणून दोन मेकॅनिकांकडून खर्चाचा लेखी अंदाज घ्यावा. गाडीच्या १७ अक्षर-अंकी व्हीआयएन क्रमांकावरून कंपनीने रिकॉल जाहीर केला आहे का, हेही पाहावे. ती दुरुस्ती सहसा फुकट होते.

मग हिशेब

समजा, आपली गाडी चालू असती तर तिचे ४,००० डॉलर आले असते. आज बंद स्थितीत १,००० येतात. दुरुस्तीला ३,५०० लागतात.

दुरुस्त करून लगेच विकली तर ४,००० वजा ३,५००, म्हणजे हाती ५०० राहतात. तशीच विकली तर १,०००. तेव्हा विकायचीच असेल तर दुरुस्त करू नये.

ठेवायची असेल तर? दुरुस्तीचे ३,५०० आणि न विकल्यामुळे हातचे गेलेले १,०००, असे ४,५०० डॉलर आपण तिच्यात घातले. ती आणखी ३६ महिने चालली, तर महिन्याला १२५ डॉलर पडले. हे नव्या गाडीच्या हप्त्यापेक्षा बहुधा कमीच! पण ९ महिन्यांत इंजिन गेले, तर महिन्याला ५०० पडले.

म्हणजे खरा प्रश्न 'गाडीची किंमत किती?' हा नसून 'बाकीची गाडी किती दिवस टिकेल?' हा आहे. त्यासाठी इंजिन, ब्रेक आणि खालचा गंज मेकॅनिकला तपासायला सांगावे. बर्फावर मीठ टाकणाऱ्या राज्यांत गंज फार लागतो. दुरुस्तीची वॉरंटी किती महिने आणि किती मैल, हेही कागदावर घ्यावे.

गेल्या महिन्यात नवे टायर घातले म्हणून गाडी ठेवू नये. ते पैसे दोन्ही वाटांनी गेलेलेच आहेत. 'जुनं ते सोनं' हेही खरे, पण सोनेसुद्धा आपण कसाला लावूनच घेतो. बाबांची नोकरी, आईची रात्रपाळी आणि आपला रविवारचा वर्ग त्या एका गाडीवर चालत असेल, तर वाटेत बंद पडणारी गाडी स्वस्त असूनही महाग पडते.

विकताना बिघाड लपवू नये. आपल्यासारखेच एखादे नवे आलेले कुटुंब ती घेणार असते. 'ट्रान्समिशन नादुरुस्त' असे पावतीवर स्पष्ट लिहावे.

शब्दार्थ

निदान – बिघाडाचे कारण शोधणे
कसाला लावणे – पारखून पाहणे
नादुरुस्त – बिघडलेले

स्वाध्याय

१. बारा आणे म्हणजे किती पैसे?
२. वरची गाडी १८ महिने चालली, तर महिन्याला किती डॉलर पडतील?
३. घरातली एक जुनी वस्तू निवडा. ती दुरुस्त करावी की नवी घ्यावी, ते आई-बाबांशी मराठीत बोलून पाच वाक्यांत लिहा.

उत्तरे पुढच्या रविवारी वर्गात आणावीत. आम्ही वाट पाहत आहोत.