आजाऱ्याचें सूप : मेक्सिकोचें आणि आपलें

पावसाळा लागला, कीं दादरच्या चौपाटीवर भाजलेलीं कणसें विकावयास येतात. लिंबाची फोड तिखटमिठांत बुडवून विक्रेता ती कणसावर चोळतो. ही रुचि आपलीच, असें आपण मानतों. परंतु मेक्सिको देशांतही कणीस लिंबू व तिखट लावून खातात. मका, मिरची व टोमॅटो तेथूनच जगभर गेलीं. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं मिरची आपल्या किनाऱ्यास आणली. त्याच शतकांत स्पॅनिश लोकांनीं कोंबडी, लिंबू व कोथिंबीर मेक्सिकोंत नेली. या देवघेवींतून तेथें कोंबडीचें जें सूप सिद्ध झालें, त्यास ‘काल्दो दे पोयो’ म्हणतात. तें आपल्या घरीं कसें करावें, हें आज पाहूं.

साहित्य (चौघांकरितां) : कोंबडीचे हाडांसह, कातडी काढलेले तुकडे अर्धा किलो, पाणी दीड लिटर, टोमॅटो दोन, कांदा एक, लसणीच्या पांच पाकळ्या, कोवळें कणीस एक, गाजर एक, दुधी भोपळ्याच्या थोड्या फोडी, मीठ एक लहान चमचा, लिंबू, कोथिंबीर व हिरवी मिरची. हें सर्व दादर स्थानकाजवळच्या बाजारांत सहज मिळतें.

कृति : तुकडे थंड पाण्यांत घालून पातेलें चुलीवर ठेवावें. उकळी येतांच वरचा फेस काढून टाकावा व आंच मंद करावी. दरम्यान टोमॅटो, कांदा व लसूण तव्यावर डाग पडेपर्यंत भाजून पाट्यावर वाटावीं. मेक्सिकोच्या घरांतूनही पाट्या-वरवंट्यासारखा दगड असतो. त्यास ‘मेताते’ म्हणतात. अर्ध्या तासानें हें वाटण, मीठ, कणसाचे तुकडे व गाजर सुपांत घालावें. दहा मिनिटांनीं दुधी घालावा, आणि तो मऊ झाला कीं पातेलें उतरावें. मिरची मात्र पातेल्यांत घालूं नये. ती चिरून वेगळी ठेवावी, म्हणजे निरोगी मनुष्य ती घेईल व आजारी सोडील. लिंबूही वाढतांनाच पिळावें. उकळल्यानें त्यांतील ‘क’ जीवनसत्त्व कमी होतें.

स्वच्छतेविषयीं दोन गोष्टी : कच्ची कोंबडी नळाखालीं धुऊं नये, शिंतोड्यांबरोबर तिच्यावरील जंतु सर्वत्र उडतात. ते नीट शिजविल्यानेंच मरतात. सुरी, पाट व हात मात्र साबणानें धुवावे.

आतां मुख्य मुद्दा. आपल्या घरांतून पुष्कळदां असें होतें, कीं आजाऱ्याच्या वाटींत वरचें पाणी येतें आणि तुकडे इतरांच्या ताटांत जातात. ‘सत्त्व पाण्यांत उतरलें,’ असें वडील माणसें समजतात. हीच चूक मोठमोठ्यांनीं केली आहे. युस्टुस फोन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या मांसार्काची १८६५ सालीं कंपनीच निघाली, आणि तो अर्क आजाऱ्यास फार पौष्टिक मानला गेला. पुढें कळून आलें, कीं अर्कांत स्वाद व क्षार उतरतात. शरीर भरून काढणारीं प्रथिनें बहुतेक मांसांतच राहतात. शंभर ग्रॅम कच्च्या मांसांत तीं सुमारें वीस ग्रॅम असतात. यावरून पाणी निरुपयोगी ठरत नाहीं. तापांत शरीरास पाणी व मीठ हवेंच असतें, आणि गरम वाफेनें चोंदलेलें नाक मोकळें झाल्यासारखें वाटतें. पण तेवढ्यानें झीज भरून येत नाहीं.

म्हणून, विद्यार्थिमित्रांनो, घरीं कोणी तापांतून उठलें, कीं वाढतांना जवळ उभे राहा. सूप औषध नव्हे. वैद्याचें पथ्य असेल, तर तेंच प्रमाण. तसें नसेल, तर मांस हाडावरून सोडवून बारीक करा आणि तें आजाऱ्याच्याच वाटींत घाला. नुसतें पाणी देणें ही माया खरी. पण मायेला ज्ञानाची जोड मिळाली, म्हणजेच ती अंगीं लागते.