पांजरपोळ : दया आणि व्यवस्था
(इयत्ता चौथीच्या परिसर-अभ्यासासाठी)



'प्राणिमात्रांवर दया करावी' हे वाक्य आपल्या बहुतेक शाळांच्या भिंतीवर कोठे ना कोठे लिहिलेले असते. मुले ते रोज वाचतात आणि रोज वाचल्यामुळेच त्याचा अर्थ त्यांच्या मनास शिवेनासा होतो. दया ही मनात उपजते हे खरे. परंतु मुक्या जनावरापर्यंत ती पोचते ती पाणी, चारा, कोरडी जागा व वेळेवर औषध याच रूपाने. ही गोष्ट मुलांना डोळ्यांनी पाहता यावी व आकड्यांनी मोजता यावी, यासाठी पांजरपोळासारखे दुसरे साधन नाही. प्रस्तुत पाठाची योजना त्याच हेतूने केली आहे.

शिक्षकांसाठी माहिती

मोकाट वा निराधार जनावर ठेवण्याच्या तीन संस्था आपल्याकडे परिचित आहेत. त्यांतील भेद मुलांस प्रथम समजावून द्यावा. कोंडवाडा हा शिक्षेचा व सुटकेचा मार्ग आहे. पिकात शिरलेले जनावर तेथे कोंडावयाचे व दंड भरून मालकाने सोडवून न्यावयाचे. तथापि कोंडलेल्या जनावराची नोंद करणे व त्यास चारापाणी देणे ही जबाबदारी १८७१ च्या कायद्याने कोंडवाड्याच्या रखवालदारावर टाकली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. चारा छावणी ही दुष्काळापुरती असते. पाऊस पडला की जनावर मालकाबरोबर घरी परतते. २०१९ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यात व पश्चिम महाराष्ट्रात अशा छावण्या अनेकांनी पाहिल्या आहेत. पांजरपोळ मात्र या दोहोंहून निराळा. तेथे येणारे जनावर म्हातारे, लंगडे, आंधळे, आजारी वा टाकून दिलेले असते आणि बहुधा अखेरपर्यंत तेथेच राहते.

मुंबईतील पांजरपोळ १८३४ साली स्थापन झाला. त्यापूर्वी दोन वर्षे, १८३२ मध्ये, मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमावरून शहरात मोठा दंगा उसळला होता. त्यानंतर जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शहा यांनी पुढाकार घेऊन ही संस्था उभी केली. भुलेश्वरच्या गजबजलेल्या वस्तीत ती आजही उभी आहे.

अलीकडच्या काळात कायद्यानेही या विषयात लक्ष घातले आहे. प्राण्यांना पुरेसे अन्न, पाणी वा निवारा न देणे, तसेच वाजवी कारणावाचून त्यांना वाऱ्यावर सोडणे, ही १९६० च्या कायद्यान्वये क्रूरता ठरते. १९७६ च्या घटनादुरुस्तीने प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून नमूद केले. इकडे शेतीत ट्रॅक्टर आला व बैलाचे काम कमी झाले. २०१५ पासून राज्यात गाईंप्रमाणेच बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी झाली. अशा स्थितीत निरुपयोगी ठरलेल्या जनावराचे पुढे काय, हा प्रश्न गावोगाव उभा आहे आणि आपल्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांच्या घरी तो बोलला जातो.

निवारा : मोठ्या गाईस छपराखाली सुमारे साडेतीन चौरस मीटर व मोकळ्या आवारात सुमारे सात चौरस मीटर जागा असावी, असे साधारण प्रमाण मानतात. उष्ण व कोरड्या भागात गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवतात, म्हणजे दिवसभर सावली मिळते. जमीन निसरडी नसावी. तिला नालीकडे किंचित उतार असावा. लंगड्या व थकलेल्या जनावरांना फरशीपेक्षा मुरमाची कोरडी जमीन बरी. जे जनावर उठूच शकत नाही त्याच्याखाली गवताचा जाड थर घालून दिवसातून अनेक वेळा कूस बदलावी लागते. नाही तर अंगावर दाबाच्या जखमा होतात. वासरे, वळू, आंधळी व अशक्त जनावरे यांचे कप्पे निराळे हवेत. सर्व एकत्र असली की धडधाकट जनावरे गव्हाणीवर तुटून पडतात आणि ज्यांच्यासाठी संस्था काढली तीच उपाशी राहतात. वळू व गाई एकत्र राहिल्यास आवारातच वासरे वाढत जातात, तो भार वेगळाच.

चारापाणी : सुमारे ३५० किलो वजनाच्या, दूध न देणाऱ्या गाईस रोज वजनाच्या साधारण दोन टक्के, म्हणजे ७ किलो कोरडे अन्न पोटात जावे लागते. कडब्यात पाण्याचा अंश अगदी थोडा, तर हिरव्या चाऱ्यात सुमारे पाच हिश्श्यांपैकी चार हिस्से पाणीच. म्हणून ५ किलो कडब्यातून साडेचार किलो आणि साडेबारा किलो हिरव्या चाऱ्यातून अडीच किलो, असा हिशेब जुळतो. पाणी रोज ४० ते ५० लिटर, उन्हाळ्यात त्याहूनही अधिक.

येथे एक सावधगिरी अवश्य सांगावी. सणावारी लोक पुण्यबुद्धीने पांजरपोळात पोळ्या, भात, गूळ यांचे ढीग नेऊन टाकतात. चाऱ्यावर जगणाऱ्या जनावराच्या कोटीपोटात असे अन्न एकाएकी फार गेले तर आंबते, पोट फुगते व जनावर दगावूही शकते. पिशवीसह टाकलेले उष्टे तर त्याहून घातक; प्लॅस्टिक पोटात साचत जाते आणि चुकून गेलेली तार वा खिळा जाळीपोटातून हृदयापर्यंत इजा करतो. ज्ञानावाचून केलेली दया कशी उलटते, याचे हे प्रत्यक्ष उदाहरण होय.

आरोग्य व नोंद : नवे जनावर आले की त्यास निदान तीन आठवडे इतरांपासून दूर ठेवावे. लाळ्या-खुरकूत एका जनावराने आणला तर सबंध गोठ्यात पसरतो. २०२२ मध्ये आलेला लम्पी चर्मरोग माश्या, डास व गोचिडांमार्फत पसरत गेला, तो मुलांच्या स्मरणात नसला तरी पालकांच्या स्मरणात असेल. घटसर्प व फऱ्या यांची लस पावसाळ्यापूर्वी टोचावी लागते. प्रत्येक जनावराची आल्याची तारीख, रंग, शिंगे, दातांवरून वय, कानातील पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांक, दिलेली लस व मृत्यू झाल्यास त्याचे कारण, इतके नोंदवहीत असावे. ज्या संस्थेत नोंदवही नाही, तेथे मेलेल्या जनावराबद्दल कोणी कोणास विचारीत नाही.

पाठाची मांडणी

प्रस्तावना : प्रारंभी मुलांच्या घरच्या गुरांविषयी प्रश्न विचारावेत. तुमच्या बैलाचे नाव काय? तो दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेला? गाय दिवसात किती पाणी पिते? हा शेवटचा प्रश्न मी एका शाळेत विचारला असता पुढच्या रांगेतील हुशार मुले गप्प बसली. मागे बसलेला एक मुलगा, जो गुरांमागे जावे लागत असल्याने वरचेवर गैरहजर राही, त्याने उलट विचारले, "साहेब, उन्हाळ्यात का पावसाळ्यात?" याहून योग्य उत्तर मला माहीत नाही. या पाठात अशी मुले शिक्षकाच्या उजव्या हाताला बसावीत.

भेट : व्यवस्थापकांची व पालकांची संमती आधी घ्यावी. आठ-दहा मुलांचे गट करून प्रत्येक गटास एकच काम द्यावे : एकाने जागा, दुसऱ्याने पाणी, तिसऱ्याने चारा, चौथ्याने नोंदवही पाहावी. मुलांनी कठड्याबाहेर राहावे, काही खाऊ घालू नये, वासरांना हात लावू नये; गजकर्णासारखे रोग वासरांपासून मुलांना होतात. परतल्यावर साबणाने हात धुवावेत. शक्य तर भेट पावसाळ्यात ठेवावी. उन्हाळ्यात सर्वच गोठे कोरडे दिसतात. जमिनीची खरी परीक्षा पावसात होते. जवळपास पांजरपोळ नसल्यास गावचा कोंडवाडा वा एखाद्या शेतकऱ्याचा गोठा पाहावा. प्रश्न तेच राहतात.

आकडेमोड : शाळेच्या अंगणात फक्कीने अडीच मीटर लांब व १.४ मीटर रुंद आयत आखावा. एका गाईची छपराखालची जागा एवढी, हे मुले चालून पाहतील. मग विचारावे : १०० गाईंसाठी ३५० चौरस मीटरचा गोठा बांधला आणि आत १५० गाई भरल्या, तर प्रत्येकीस किती जागा? उत्तर सुमारे २.३ चौरस मीटर येईल. तेवढाच आयत शेजारी आखावा. अधिक स्पष्टीकरणाची गरज राहणार नाही. पुढे कडब्याचा हिशेब घ्यावा. १०० गाईंना रोज ५०० किलो, तर उन्हाळ्याच्या १२० दिवसांना ६० हजार किलो, म्हणजे ६० टन. हा साठा माघ-फाल्गुनात रब्बीची ज्वारी निघते तेव्हाच करावा लागतो. वैशाखात दयेने मन भरून आले तरी गंज भरत नाही.

चर्चा : शेवटी मुलांपुढे हा प्रसंग ठेवावा. पांजरपोळ भरलेला आहे, बाहेर पाऊस पडत आहे आणि कोणी एक लंगडी गाय दाराशी सोडून निघून गेला आहे. व्यवस्थापकाने काय करावे? काही मुले 'आत घ्यावी' म्हणतील. त्यांना विचारावे, जागा कोणाची कमी करणार? काही 'घेऊ नये' म्हणतील. त्यांना विचारावे, मग ती रात्र कोठे काढील? शिक्षकाने घाईने निकाल देऊ नये. कोणी म्हणेल, एक रात्र आडोशाला निराळी बांधावी व सकाळी कानातील बिल्ल्यावरून मालक शोधावा. कोणी म्हणेल, दुसऱ्या संस्थेस कळवावे. कोणी म्हणेल, गावाने एक छप्पर वाढवून द्यावे. अशी उत्तरे येऊ लागली म्हणजे पाठ साधला असे समजावे. आणि एखादा विद्यार्थी 'मुळात ती सोडून का दिली?' असे विचारील, तर त्या प्रश्नास त्या दिवशीचा उरलेला सर्व वेळ द्यावा. मात्र ज्यांच्या घरून नाइलाजाने जनावर सोडले गेले असेल अशी मुलेही वर्गात बसलेली असतात. त्यांना खाली मान घालावी लागेल असा एकही शब्द शिक्षकाच्या तोंडून जाऊ नये.

स्वाध्याय

१. तुमच्या घरच्या किंवा शेजारच्या एका जनावराची आठवडाभर नोंद ठेवा : चारा, पाणी, बसण्याची जागा.
२. त्याच्या जागेची लांबी-रुंदी मोजून क्षेत्रफळ काढा. ती पुरेशी आहे काय?
३. कोंडवाडा, चारा छावणी व पांजरपोळ यांतील फरक पाच वाक्यांत लिहा.
४. ६० गाईंना रोज प्रत्येकी ४५ लिटर पाणी द्यावयाचे असल्यास एका आठवड्यास किती लागेल?
५. पांजरपोळास भेट देणाऱ्या लोकांसाठी सूचनांचा एक फलक तयार करा.

पाचव्या स्वाध्यायातील उत्तम फलक संस्थेच्या संमतीने दाराशी लावता आला तर अवश्य लावावा. मुलांचे लिखाण कोणाच्या तरी उपयोगी पडले, हे त्यांना वर्गाबाहेर पाहावयास मिळेल. भिंतीवरील वाक्य पुसण्याचे कारण नाही. मात्र त्याच्या खाली यापुढे मुलांनी मोजलेले चार आकडे लिहावेत.