मीझान : पाणथळीतील एका दिवसाचा धडा



दिव्य कुरआनच्या सूरह अर्-रहमानमध्ये अल्लाहने आकाश उंच केल्याचा आणि मीझान म्हणजे तराजू प्रस्थापित केल्याचा उल्लेख एकाच आयतीत येतो. त्या तोलात मर्यादाभंग करू नका, अशी ताकीदही लगेच येते. हा तोल केवळ बाजारातील मापापुरता नाही, तो सृष्टीतही आहे. हे समजून घेण्यासाठी अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील एव्हरग्लेड्स या विस्तीर्ण पाणथळीत आपण मनाने एक दिवस घालवू या.

हिवाळा हा तेथील कोरडा ऋतू. गवतातून समुद्राकडे संथपणे सरकणारे पाणी या दिवसांत आटते आणि उरलेल्या डबक्यांत मासे दाटतात. फज्रच्या नमाजनंतर अशा डबक्याकाठी उभे राहा. गुलाबी चमच्या पक्षी चोच डावी-उजवीकडे फिरवून पाणी चाळत असतो. करकोचा उघडी चोच पाण्यात धरून केवळ स्पर्शावरून मासा टिपतो. आपल्याकडील तिरंदाज पक्ष्याचा एक भाईबंद बुडी मारून आल्यावर पंख पसरून वाळवत बसतो. तेथील एका घारीला तर शंखातून गोगलगाय ओढून काढता येईल अशीच बाकदार चोच लाभली आहे. प्रत्येकाची रोजी वेगळी आणि ती मिळवण्याचे साधनही वेगळे. सूरह अल-अनआमच्या ३८व्या आयतीत भूमीवरील जीव आणि पंखांनी उडणारे पक्षी यांना मानवासारखेच समुदाय म्हटले आहे. त्याचा अर्थ येथे डोळ्यांसमोर उभा राहतो.

ऊन चढले की कालव्यांच्या बांधावर चला. थंड रात्रीनंतर ऊब घेण्यासाठी बर्मी अजगर तेथे येतात आणि परवानाधारक शोधक त्यांचा माग काढत हिंडतात. नक्षीदार कातडी गवतात अशी मिसळते की, पायाजवळचा मोठा अजगरही नजरेतून सुटतो. म्हणून काही नर अजगरांच्या शरीरात रेडिओ यंत्र बसवून त्यांना सोडले जाते. विणीच्या काळात असा नर शोधकांना मादीपर्यंत नेतो.

हा साप मूळचा तेथील नव्हे. त्याचे घर दक्षिण व आग्नेय आशियात आहे. आपल्या ईशान्य भारतातही तो आढळतो. हौसेने पाळण्यासाठी नेलेले अजगर मोठे झाले, सांभाळणे जड जाऊ लागले, तेव्हा काहींनी ते रानात सोडले. काही निसटले. पुढे त्यांची संख्या वाढत गेली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रॅकून हा पूर्वी सर्रास दिसणारा प्राणी रस्त्यांवर आढळण्याचे प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक घटल्याचे दिसून आले.

आता विचार करा, अपराधी कोण? अजगर तर अल्लाहने दिलेल्या स्वभावाप्रमाणेच जगतो. मर्यादा ओलांडली ती माणसाने. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला शिक्षा झाल्याची हदीस आपण जाणतो. मुका जीव ताब्यात घेतला की तो अमानत ठरतो, हा तिचा बोध आहे. त्या जीवाला परक्या रानात टाकून देणे ही सुटका नव्हे; ती अमानतीत केलेली खयानत आहे. तिची किंमत इतर समुदाय मोजतात आणि शेवटी तो जीवही मोजतो, कारण पकडलेले बहुतेक अजगर मारावे लागतात. जीव घेणे अपरिहार्य ठरले तरी यातना कमीत कमी व्हाव्यात, हीदेखील पैगंबर मुहम्मद (सल्ल.) यांची शिकवण आहे.

एव्हरग्लेड्स दूर आहे, पण ही चूक दूर नाही. काचेच्या टाकीतील मासे किंवा लाल कानपट्टीची विदेशी कासवे कंटाळा आल्यावर सवाबच्या भावनेने विहिरीत वा तलावात सोडणारी घरे आपल्यातही आहेत. मूल पाळीव प्राण्यासाठी हट्ट धरेल, तेव्हा त्याला जवळ बसवून आधी एवढेच विचारा: याला शेवटपर्यंत कोण सांभाळणार? उत्तर नसेल, तर तो घरी न आणणे हीच त्याच्यावरची दया आहे.

सृष्टीचा तोल राखण्याची सद्बुद्धी अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.