शालेय प्रकल्प आणि सामुदायिक आरोग्य : लखनौच्या संदर्भात

आरोग्य ही वरवर पाहता प्रत्येक कुटुंबाची खाजगी बाब वाटते. परंतु संसर्गजन्य रोगांच्या बाबतीत एका घराची दक्षता शेजारच्या घराच्या निष्काळजीपणामुळे निष्फळ ठरू शकते. अर्थशास्त्रात यालाच ‘बाह्य परिणाम’ असे म्हणतात. सामुदायिक आरोग्याला सार्वजनिक वस्तूचे स्वरूप येते ते याच कारणामुळे. अशा वस्तूची निर्मिती केवळ बाजारयंत्रणेवर सोपविता येत नाही. त्यासाठी शासन व समाज यांचे संघटित प्रयत्न आवश्यक असतात. या प्रयत्नांत माध्यमिक शाळेतील विद्यार्थी कोणती भूमिका बजावू शकतात, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

धोरणात्मक पार्श्वभूमी

मुलांच्या माध्यमातून कुटुंब व समाजापर्यंत आरोग्यसंदेश पोहोचविण्याची ‘चाइल्ड टू चाइल्ड’ ही संकल्पना 1978 मध्ये लंडन येथे डॉ. डेव्हिड मोर्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. भारतात 1993 पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेने 10 ते 17 वयोगटातील मुलांना स्थानिक समस्येवर प्रकल्प करण्याची संधी दिली. जिल्हा, राज्य व राष्ट्रीय अशा तीन स्तरांवर या प्रकल्पांचे सादरीकरण होते. या परिषदेचा 2018-19 चा मुख्य विषय स्वच्छ, हरित व निरोगी राष्ट्रासाठी विज्ञान, तंत्रज्ञान व नवोपक्रम हा होता. 7 जानेवारी 2014 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात समवयस्क शिक्षकांची योजना आहे, तर 2020 मध्ये आयुष्मान भारत अंतर्गत शालेय आरोग्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. उत्तर प्रदेशात 2018 मध्ये सुरू झालेल्या ‘दस्तक’ अभियानातही आरोग्य खात्याबरोबर शिक्षण खात्याचा सहभाग घेण्यात आला.

समस्येची निवड

2011 च्या जनगणनेनुसार लखनौ शहराची लोकसंख्या सुमारे 28 लाख होती. एवढ्या मोठ्या शहरात विद्यार्थ्यांनी ‘आरोग्य सुधारणा’ असा व्यापक विषय घेतल्यास प्रकल्प घोषणा व भित्तिपत्रके यांपलीकडे जात नाही. याउलट ‘शाळेजवळील दोन गल्ल्यांतील डासोत्पत्तीस्थाने’ हा विषय मर्यादित, मोजता येण्याजोगा व उपयुक्त आहे.

डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास घरातील व घराभोवतीच्या साठलेल्या पाण्यात वाढतो. लखनौच्या उन्हाळ्यात घरोघरी लागणारे व पुढे पावसाळ्यात तसेच पाणी धरून राहणारे कूलर, गच्चीवरील उघड्या टाक्या, कुंड्यांखालच्या थाळ्या व टाकून दिलेले टायर ही त्याची आश्रयस्थाने होत. अनुकूल हवामानात अंड्यापासून प्रौढ डास तयार होण्यास साधारणतः 7 ते 10 दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एकदा सर्व भांडी रिकामी करून घासून कोरडी करण्याचा, म्हणजेच ‘कोरडा दिवस’ पाळण्याचा उपाय शास्त्रीय ठरतो. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्या अवस्थेतही अनेक महिने टिकत असल्याने नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही.

मोजमापाची पद्धत

विद्यार्थ्यांना सहज वापरता येतील असे तीन निर्देशांक आहेत. तपासलेल्या दर 100 घरांपैकी अळ्या आढळलेली घरे म्हणजे गृह निर्देशांक, पाणी असलेल्या दर 100 भांड्यांपैकी अळ्या आढळलेली भांडी म्हणजे भांडी निर्देशांक, तर दर 100 घरांमागे अळ्या आढळलेली भांडी म्हणजे ब्रेटो निर्देशांक. समजा, एका गल्लीतील 100 घरांत पाण्याची 300 भांडी तपासली व 24 घरांतील 36 भांड्यांत अळ्या आढळल्या. तर हे निर्देशांक अनुक्रमे 24, 12 व 36 येतील.

यापुढील पायरी अधिक महत्त्वाची आहे. समजा, विद्यार्थ्यांच्या भेटींनंतर सहा आठवड्यांनी त्या गल्लीचा गृह निर्देशांक 24 वरून 10 वर आला. ही 14 अंकांची घट प्रकल्पाचेच यश होय काय? पाऊस ओसरल्यानेही डासोत्पत्ती घटते. त्यासाठी भेटी न दिलेल्या, परंतु तशाच वस्तीच्या दुसऱ्या गल्लीची दोन्ही वेळा पाहणी करावी लागते. तेथील निर्देशांक 22 वरून 18 वर आला असल्यास 4 अंकांची घट प्रकल्पाविनाही झाली असती असे मानता येते. प्रकल्पाचा निव्वळ परिणाम 14 वजा 4, म्हणजे 10 अंक एवढाच. मूल्यमापनशास्त्रात या पद्धतीस ‘दुहेरी फरक’ पद्धत म्हणतात. अर्थात, पाहणी संपताच दुसऱ्या गल्लीलाही तीच माहिती देणे हे विद्यार्थ्यांचे नैतिक कर्तव्य ठरते. त्याचप्रमाणे घरात प्रवेश करण्यापूर्वी कुटुंबाची संमती व सोबत शिक्षकांची उपस्थिती आवश्यक आहे.

मर्यादा व दायित्व

काही कुटुंबे माहिती मिळूनही पाण्याची भांडी रिकामी करीत नाहीत. याचा अर्थ ती अज्ञानी आहेत असा नव्हे. ज्या मोहल्ल्यात नळाला ठराविक वेळच पाणी येते, तेथे साठविलेले पाणी ओतून देण्याची किंमत कुटुंबाला, विशेषतः स्त्रियांना, मोजावी लागते. अशा ठिकाणी उपदेशापेक्षा घट्ट झाकण वा जाळीचे कापड अधिक परिणामकारक ठरते. प्रकल्पाच्या आराखड्यात ‘लोक सांगितलेले का करीत नाहीत’ हा प्रश्न असलाच पाहिजे.

दुसरी मर्यादा उत्तरदायित्वाची आहे. नालेसफाई, कचरा उचलणे व नियमित पाणीपुरवठा ही नागरी प्रशासनाची कर्तव्ये असून ती मुलांच्या श्रमावर ढकलणे योग्य नाही. विद्यार्थ्यांनी तयार केलेला गल्लीनिहाय तक्ता प्रभागाच्या नगरसेवकांकडे व आरोग्य अधिकाऱ्यांकडे सादर झाल्यास मात्र तो मागणीचा सबळ पुरावा ठरतो.

तात्पर्य, शालेय प्रकल्पाचे यश निव्वळ पारितोषिकावरून ठरत नाही. अपेक्षित घट झाली नाही हेही प्रामाणिकपणे नोंदविणारा अहवाल यशस्वीच मानला पाहिजे, कारण पुढील उपाययोजनेची दिशा त्यातूनच मिळते. आपल्या गल्लीतील समस्या मोजणारा व तिचे उत्तर संबंधितांकडे मागणारा विद्यार्थी हाच लोकसहभागाधारित आरोग्यव्यवस्थेचा खरा पाया होय.