गोळी चालू राहू दे, लिमलेट बंद कर

सांगली,
रविवार

चि. मनवा हिस,


तू पाठवलेले एक्स-रे आणि दातांचे फोटो नीट पाहिले. त्याआधीच वहिनींचा फोन येऊन गेला होता. "दोन वेळा ब्रश करणारी पोर, आणि वर्षभरात एवढे दात किडले! त्या डोक्याच्या गोळ्यांनीच केलंय हे. तुम्ही सांगा तिला बंद करायला, तुमचं ऐकेल ती." वहिनींचं निदान अर्धं बरोबर आहे आणि उपाय पूर्ण चुकीचा. फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" करतेस आणि ठेवल्यावर विसरतेस, म्हणून हे कागदावर लिहितेय.

पहिली गोष्ट, अ‍ॅमिट्रिप्टिलीन स्वतःच्या मनानं सोडायची नाही. अचानक बंद केलीस तर मळमळ, बेचैनी, उडालेली झोप हे सगळं मागे लागेल, आणि ज्यासाठी ती सुरू केली ते दुखणं परत डोकं वर काढेल ते वेगळंच. मागच्या पावसाळ्यात तू कोणत्या अवस्थेत होतीस ते आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. दातात सिमेंट भरता येतं. तेव्हा वहिनींचं मी बघते, तू गोळी घेत राहा.

आता ती गोळी तोंडात नेमकं काय करते ते समजून घे. लाळेच्या ग्रंथींना 'सोडा' असा निरोप मज्जातंतूंकडून अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनामार्फत पोचतो. तुझी गोळी मेंदूत तिचं काम करता करता हा निरोपही वाटेत अडवते. धोतऱ्याची विषबाधा झालेल्या माणसाच्या घशाला कोरड पडते ना, तीही याच वाटेनं; धोतऱ्यात अ‍ॅट्रोपिनसारखी द्रव्यं असतात. तुझ्या गोळीचा परिणाम त्या मानानं फारच सौम्य, पण रोजचा. ग्रंथी मेलेल्या नाहीत, फक्त त्यांना निरोप कमी पोचतोय, हे लक्षात ठेव. पुढचं बरंचसं त्यावरच अवलंबून आहे.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ येते. आपण ती गिळत राहतो म्हणून जाणवत नाही. घास भिजवणं हे तिचं दिसणारं काम. न दिसणारं काम मोठं आहे: तिच्यातलं बायकार्बोनेट तोंडातलं आम्ल मारतं, आणि तिच्यातलं कॅल्शियम नि फॉस्फेट दातावरून निघून गेलेले क्षार पुन्हा बसवतं. दात रोज थोडा विरघळतो आणि रोज थोडा भरून निघतो. तुझ्याकडे विरघळणं तसंच चालू आहे, भरून येणं मंदावलंय.

हे मी अंदाजानं म्हणत नाही, तुझ्या फोटोत दिसतंय. गोड खाणाऱ्या पोरांची कीड दाढांच्या खाचांत आणि दोन दातांच्या फटीत सुरू होते. तुझी कीड हिरडीलगत, दाताच्या मानेशी आहे, आणि एक तर खालच्या पुढच्या दाताच्या मागे. खालचे पुढचे दात सहसा किडत नाहीत, कारण जिभेखालच्या ग्रंथींची लाळ तिथंच साचते. तो दात किडला म्हणजे तिथलं तळं आटलं. माझ्या खुर्चीत असा माणूस बसला की पहिला प्रश्न मी ब्रशबद्दल विचारत नसे. "गोळ्या कोणत्या चालू आहेत?" असं विचारायची. आणि तोंडात फिरवायचा आरसा गालाला चिकटायला लागला, की उत्तराआधीच कळायचं.

पण मनवा, खरं सांगू? एवढ्या लवकर एवढे दात नुसत्या कोरडेपणानं जात नाहीत. म्हणून मी वहिनींना तुझ्या दिवसाबद्दल खोदून विचारलं. सकाळी सातपासून क्लास, लातूरचा उन्हाळा, बोलून बोलून घसा सुकलेला, आणि टेबलाच्या खणात काय? लिमलेटच्या गोळ्या. आवळा सुपारी. घसा धरला की खोकल्याच्या गोळ्या. प्रत्येक तासाच्या सुट्टीत अर्धा कप चहा, साखरेचा. रात्री झोपताना गोळी घ्यायची ती चॉकलेटची पावडर घातलेल्या दुधाबरोबर. कोरडेपणावर तू जे जे करतेस त्यातलं बहुतेक सगळं दातांवर उलटतंय, आणि मला तुला मुख्य सांगायचंय ते हेच.

साखर तोंडात गेली की काही मिनिटांत जंतू तिचं आम्ल करतात. आम्लता मोजायच्या मापावर, म्हणजे पीएचवर, आकडा साधारण साडेपाचाच्या खाली उतरला की दाताचं वरचं कडक आवरण विरघळू लागतं. हिरडीखालचं मूळ उघडं पडलं असेल तर त्याला एवढंही खाली जावं लागत नाही. चांगली लाळ असलेल्या तोंडात हे अर्ध्या-पाऊण तासात पूर्वपदावर येतं. तुझ्या तोंडात त्याहून बराच जास्त वेळ लागतो. आणि ते वर येतंय न येतंय तोवर तू दुसरी लिमलेट टाकतेस. म्हणजे सकाळी सात ते रात्री दहा तुझे दात आम्लातच. किती साखर खाल्लीस याला इथं फारसं महत्त्व नाही. जेवणानंतर एक अख्खा पेढा खा, मी रागावणार नाही. पण तेवढीच साखर दहा तुकडे करून दिवसभर चघळलीस तर ती दहापट महाग पडते.

आंबट वस्तूंचंही तेच. आवळा सुपारी, आमसूल, लिंबाची फोड यांनी तोंडाला पाणी सुटतं हे खरं, पण ज्याला लाळ भरपूर आहे त्यानं ते करावं. तुला सुटणारं पाणी थोडं आणि आम्ल पुरेपूर. आमसूल सोलकढीत घाल, तोंडात धरू नकोस.

मग काय करायचं? साधं पाणी, घोटाघोटानं, दिवसभर. क्लासमध्ये टेबलावर बाटली ठेव. एक मात्र ध्यानात घे, पाण्यानं तोंड ओलं होतं, त्याला लाळेचं काम येत नाही. लाळ हवी तर चावायला हवं. चावण्याची क्रिया हाही ग्रंथींना एक निरोपच असतो, आणि तुझ्या ग्रंथी अजून ऐकू शकतात. बिनसाखरेचं च्युइंग गम, शक्यतो झायलिटॉल असलेलं, जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाव. सर म्हणतील मॅडम गुरासारख्या रवंथ करतात, म्हणू देत, स्टाफरूममध्ये चाव. (घरी घेऊन गेलीस तर मोत्याच्या तोंडी लागू देऊ नकोस, झायलिटॉल कुत्र्यांना विषारी असतं.) गम नको वाटलं तर काकडी, गाजर, नाहीतर वेलदोड्याचे दाणे किंवा साधी भाजलेली बडीशेप. रंगीत, साखर चढवलेली बडीशेप नव्हे. चहा बिनसाखरेचा जमत नसेल तर गोड घे, पण दोनदा, जेवणखाणाच्या वेळेला, आणि एका बैठकीत संपव. तास तास पुरवून पिऊ नकोस.

जेवणात भाकरी कोरडी घशाखाली उतरत नाही अशी तुझी तक्रार आहे. आमटीत कुस्कर, पिठलं पातळ कर, वर तूप घे, सोबत ताक घे. चिवडा नि खाखरा सध्या लांब ठेव.

रात्रीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथं होतंय. झोपेत प्रत्येकाचीच लाळ जवळजवळ थांबते. तुझी गोळी झोपतानाची, म्हणजे आधीच रिकाम्या विहिरीवर झाकण. त्यात ते गोड दूध दातांवर रात्रभर बसतं. दूध संध्याकाळी पी, आणि गोळी पाण्याबरोबर घेतली तर चालेल ना ते डॉक्टरांना विचार. चालतं बहुधा. ब्रश हे दिवसातलं शेवटचं काम असू दे. त्यानंतर तोंडात पाण्याशिवाय काही जाणार नाही. आणि ब्रश झाल्यावर फेस थुंकून टाक, चूळ भरू नकोस. आपल्याला लहानपणापासून खळखळून चुळा भरायला शिकवलंय, त्यामुळे हे विचित्र वाटेल. पण पेस्टमधलं फ्लोराइड दातावर राहिलं तरच कामाचं, आणि चूळ भरली की ते बेसिनमध्ये जातं.

फ्लोराइड म्हटल्यावर वहिनी मला तो फॉरवर्ड पाठवणार, 'फ्लोराइड विष आहे' वाला. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं, आणि ते वर्षानुवर्षं पोटात गेल्यानं मुलांच्या दातांवर डाग पडतात, हाडांना त्रास होतो, हे खरंच आहे. पण ते पिण्याच्या पाण्यातलं. दाताला लावून थुंकायच्या पेस्टशी त्याची गल्लत करू नकोस. तू वापरतेस त्या हर्बल पेस्टच्या खोक्यावर फ्लोराइड लिहिलेलं नाही, मी फोटो मोठा करून पाहिला. ती बाबांना दे. तू 1000 पीपीएमच्या आसपास फ्लोराइड असलेली घे, ट्यूबवर आकडा असतो. शिवाय दर तीन महिन्यांनी दंतवैद्याकडून फ्लोराइड वार्निश लावून घे. पाच मिनिटांचं काम असतं, दुखत नाही, आणि तुझ्यासारख्या तोंडात त्याच्याइतकं कामाचं दुसरं फारसं काही नाही.

माउथवॉश घ्यायचाच तर बिनअल्कोहोलचा. अल्कोहोलनं तोंड आणखी सुकतं. क्लोरहेक्सिडीन कुणी लिहून दिलं तर सांगितलेल्या दिवसांपुरतंच वापर, एरवी दात तपकिरी होतात. तेलाच्या गुळण्यांनी तोंड मऊ वाटत असेल तर कर, पण कीड त्यानं थांबते असं समजू नकोस.

डॉक्टरांना सांगताना "तोंड जरा सुकतं" एवढंच म्हणालीस तर ते मान हलवतील आणि पुढचा पेशंट बोलावतील. "वर्षात पाच दात किडले" असं सांग. मग ते विचार करतील: डोस कमी होतो का, गोळी संध्याकाळी लवकर घेता येते का, की कमी कोरड आणणारी दुसरी गोळी चालेल. तो निर्णय त्यांचा, पण विषय तू काढायला हवास. लाळ वाढवणारी पिलोकार्पिनसारखी औषधंही असतात. दमा किंवा काचबिंदूच्या काही प्रकारांत ती चालत नाहीत, म्हणून दुकानातून परस्पर घ्यायची नाहीत. सर्दीच्या गोळ्याही तशाच. त्यात बहुधा क्लोरफेनिरामाइन असतं आणि तेही लाळ आटवतं. तुझ्या गोळीवर ते चढलं की दुहेरी.

डोळ्यांतही खुपतं, कोरडे पडतात, सांधे धरतात असं काही असेल तर मला लगेच कळव, मग कारण दुसरंही असू शकतं. रक्तातली साखर एकदा तपासून घे. जिभेवर पांढरे थर किंवा ओठांच्या कोपऱ्यात चिरा दिसल्या तर ते बुरशीचं असू शकतं, त्याला वेगळं औषध लागतं. आणि हो, दादाच्या बीपीच्या गोळीचं नाव बघ. अ‍ॅम्लोडिपिन असेल आणि हिरड्या फुगल्यासारख्या वाटत असतील तर त्यालाही दाखवायला सांग. काही जणांत त्या गोळीनं हिरड्या वाढतात.

तुझ्या दंतवैद्यांनी पाचही दातांना कॅप सुचवल्या आहेत, तो आकडा पाहून तू घाबरलीस. घाई करू नकोस. एक्स-रेत दोन दात खोल गेलेत, ते आधी कर. बाकीच्या तिघांत ग्लास आयोनोमर भरून भागेल असं मला वाटतं. हिरडीजवळच्या किडीला ते चांगलं, त्यातून थोडं थोडं फ्लोराइडही सुटत राहतं. आधी तोंडाची सवय बदलू दे. नाहीतर आज बसवलेल्या महागड्या कॅपच्या कडेखालून वर्षभरात पुन्हा कीड निघेल. दुसरं मत हवं असेल तर लातूरमध्येच दंत महाविद्यालय आहे, आणि खर्चाचा प्रश्न असेल तर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय. तिथं रांगेत बसावं लागेल, पण काम चोख होतं.

सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांचे मागच्या बाजूचे फोटो मला पाठव, सर्दीची आणि ती 'केसांसाठी' घेतेस तीसुद्धा. बुधवारपर्यंत.

तुझी,
सुमाआत्या