करंट अकाउंटची कागदपत्रं: फी जवळपास शून्य, चूक मात्र महाग

एकट्याच्या मालकीच्या धंद्यासाठी करंट अकाउंट उघडायला गेलं की बँक दोन गोष्टी तपासते: माणूस कोण आहे आणि धंदा खरंच चालतो का. माणसासाठी पॅन आणि आधार. धंद्यासाठी, रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांनुसार, फर्मच्या नावाचे कोणतेही दोन पुरावे: उद्यम प्रमाणपत्र, जीएसटी नोंदणी, शॉप अ‍ॅक्टचा कागद, आयात-निर्यात करणाऱ्यांचा आयईसी, फर्मच्या नावाचं वीजबिल वगैरे. दोन मिळणं शक्यच नसेल तर बँक एकावर भागवू शकते. पण ती बँकेची मर्जी, आपला हक्क नव्हे. मग तिचा माणूस दुकानावर येऊन पाहणी करून जातो.

आधी खर्चाचं बोलू. 1 जुलै 2020 पासून सुरू असलेल्या उद्यम नोंदणीला एक रुपयाही लागत नाही. जीएसटी नोंदणीला लागत नाही, तिच्यातल्या दुरुस्तीलाही नाही. लहान दुकानाला शॉप अ‍ॅक्टखाली फक्त धंदा सुरू केल्याची ऑनलाइन सूचना द्यावी लागते. तिथे पडलंच तर किरकोळ सेवाशुल्क. आयईसी हवा असेल तर 500 रुपये, तोही सगळ्यांना लागत नाही. असं असूनही सरकारी पोर्टलसारख्या दिसणाऱ्या खासगी साइट ‘उद्यम फी’ म्हणून पैसे उकळतात, आणि घाईतला माणूस भरतोही. एजंटला त्याच्या मेहनतीचे पैसे जरूर द्यावेत. पावतीवर ‘सरकारी फी’ असं लिहिलं असेल तर मात्र कुठल्या खात्याची, ते विचारावं.

खरा पैसा जातो तो नावात. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, पॅनवर शेवटी, आधारवर मधलं नाव गायब. दीपक इंग्रजीत एका ठिकाणी डबल ईने, दुसरीकडे आयने. लग्नानंतर पॅन सासरच्या आडनावाचा, आधार माहेरचा. देवनागरीत सगळं एकच वाटतं, पण संगणक इंग्रजी अक्षरं जुळवतो आणि एका अक्षरावर अर्ज परत पाठवतो. बँक मग दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं शपथपत्र मागते. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 मध्ये शपथपत्राचा मुद्रांक 100 वरून 500 रुपयांवर गेला. सरकारी कामांना सवलत आहे, पण बँकेसाठीचं शपथपत्र त्यात बसेलच असं धरून चालू नये. शिवाय नोटरीचे पैसे वेगळे. त्यापेक्षा मूळ कागद दुरुस्त केलेला स्वस्त: आधारवरचं नाव बदलायला 75 रुपये, पॅनच्या दुरुस्तीला कार्डासह 107 आणि फक्त ई-पॅन चालणार असेल तर 72.

क्रम महत्त्वाचा. आधी आधार, मग त्याच्या पुराव्यावर पॅन, त्यानंतर उद्यम आणि जीएसटी, सर्वांत शेवटी बँक. उलट्या क्रमाने गेलात तर प्रत्येक कागद दोनदा बदलावा लागेल. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा कुठलं स्पेलिंग कायमचं ठेवायचं ते घरी बसून आधीच ठरवा.

जीएसटी क्रमांक हातात आला की तो मोठ्याने वाचा. 15 अक्षरांतली पहिली दोन राज्याची: महाराष्ट्राला 27, गोव्याला 30. पुढची दहा म्हणजे जसाच्या तसा पॅन. पॅनमधलं चौथं अक्षर धारक कोण ते सांगतं: व्यक्तीला पी, भागीदारी फर्मला एफ, कंपनीला सी. पाचवं व्यक्तीच्या आडनावाचं पहिलं अक्षर. एवढं माहीत असलं की शून्याच्या जागी ओ छापला गेलाय का, हे तिथल्या तिथे कळतं. पोर्टलवर करदात्याचा शोध फुकट घेता येतो. तिथे कायदेशीर नाव पॅनवरून आलेलं असतं आणि त्याखाली धंद्याचं नाव असतं. खात्याच्या अर्जावर, रबर स्टॅम्पवर आणि पाटीवर हे दुसरं नाव अक्षरशः तसंच हवं. ‘ट्रेडर्स’ आणि ‘ट्रेडिंग’ यांना बँक दोन फर्म समजते, आणि त्यात तिचं चुकत नाही.

काही चुका दुरुस्तच होत नाहीत. जीएसटीत पत्ता बदलता येतो. बदल झाल्यापासून 15 दिवसांत अर्ज करायचा आणि अधिकाऱ्याच्या मंजुरीची वाट पाहायची. पॅन मात्र बदलता येत नाही. उद्या भाऊ भागीदार म्हणून आला तर फर्मचा पॅन वेगळा, म्हणून जीएसटी नोंदणीही नवी आणि करंट अकाउंटही नवं. भागीदारीचा विचार मनात असेल तर आत्ताच सीएला विचारलेलं बरं.

खातं उघडलं म्हणजे काम संपलं, असं पुष्कळांना वाटतं. नोंदणी मिळाल्यापासून 30 दिवसांत, किंवा पहिला जीएसटीआर-1 भरण्याआधी, यातलं जे आधी येईल तोवर बँक खात्याचा तपशील पोर्टलवर द्यायचा असतो. तो न दिल्यास नोंदणी स्थगित होऊ शकते. खातं त्याच पॅनवर हवं, आणि एकट्याच्या मालकीच्या धंद्यात पॅन आधारशी जोडलेला हवा. पोर्टल खातं तपासून शेरा देतं. शेऱ्यात ‘फेल्युअर’ आलं तर पहिल्यांदा आयएफएससी पाहा: 11 अक्षरं असतात आणि पाचवं नेहमी शून्यच. बँकांच्या विलीनीकरणात कित्येक शाखांचे कोड बदलले, त्यामुळे जुन्या चेकबुकवरून उतरवलेला कोड इथे हमखास अडकतो. तो नव्या पासबुकावरूनच घ्या.

एक गोष्ट एजंटसमोर बसूनच करून घ्यावी. उद्यम आणि जीएसटीच्या अर्जात मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच टाकायला लावा, आणि ओटीपी तुमच्याच फोनवर येतोय ना ते पाहा. ‘सोयीसाठी’ म्हणून त्याचा नंबर टाकला, पुढे त्याने धंदा बंद केला किंवा पैशांवरून वाजलं, तर तुमच्याच नोंदणीत शिरायला तुम्हाला क्षेत्रीय कर अधिकाऱ्याकडे पुरावे घेऊन जावं लागतं. त्यालाही फी नाही, पण दुकान बंद ठेवून जावं लागतं.